बाजारबुणगे

गेल्या संक्रांतीची गोष्ट. तिळगूळ देणाऱ्या-घेणाऱ्यांची वर्दळ थांबली होती आणि मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. पुस्तक पानिपतावरचे. सातवीत शिकणारी नात शेजारी येऊन बसली, तिने चार पाने उलटून पाहिली आणि विचारले, ‘‘आजोबा, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत एवढी माणसं त्या मैदानावर होती, तर ती रोज जेवत काय होती? कणीक कुठून आणायची?’’

पानिपताचे वाचन मी आयुष्यभर करीत आलो आहे. विश्वासरावांना गोळी कोणत्या क्षणी लागली, होळकरांनी मैदान केव्हा सोडले, गोलाची लढाई मोडली कोणी, यांवर मित्रमंडळींत रात्री जागविल्या आहेत. कणकेचा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. वेळ मारून नेण्यासाठी म्हणालो, ‘‘सैन्याबरोबर बाजारबुणगे असत ना, ते आणीत.’’

‘‘बाजारबुणगे?’’ ती हसू लागली. ‘‘आजी तर दादाच्या मित्रांना बाजारबुणगे म्हणते!’’

खरेच आहे. आपल्या बोलण्यात बाजारबुणगे म्हणजे कामाची ना धामाची, नुसती गर्दी करणारी माणसे. पूर्वीच्या लष्करी बोलीत ‘बुणगे’ म्हणजे सैन्यामागून चालणारे सामानसुमान आणि न लढणारी माणसे. त्यांतले बाजाराचे लोक ते बाजारबुणगे. वाणी, तेली, तांबोळी, सराफ, हलवाई, लोहार, नालबंद, मोची, परीट, पखालजी असे सारे त्यात आले. ज्यांच्या हातचे खाऊन फौज उभी राहिली त्यांचे नाव शिवी होऊन बसले. नातीच्या प्रश्नापायी मी पुढले दोनतीन महिने जुनी पुस्तके पुन्हा चाळली. त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडतो.

आपण लष्करात राहणारी माणसे. ग्वाल्हेरबाहेरच्या पाहुण्याला या नावाचे नवल वाटते, पण आपल्याला त्याचा अर्थ आठवतही नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. राहुट्यांच्या जागी घरे आली, पालांच्या जागी दुकाने, आणि छावणीचे शहर होऊन बसले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८०९ मध्ये, हा तळ फिरता असताना ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी रेसिडेंटाच्या रक्षक तुकडीचा प्रमुख म्हणून त्याच्याबरोबर हिंडत होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रे पुढे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. माणूस कुजकट आहे, आपल्या लोकांविषयी त्याला फारसे प्रेम नाही; पण डोळे मात्र उघडे ठेवून पाहतो.

तो सांगतो, कूच झाले म्हणजे बिनीवाला सर्वांपुढे जाई. जागा पसंत पडली की महाराजांची देवडी जेथे व्हायची तेथे तो एक लहानसे पांढरे निशाण रोवी. त्यावरून मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणे लागत, आणि ती नेहमी ठरलेल्या क्रमानेच. दुकानांच्या समोरासमोर दोन ओळी उभ्या राहत, मधून रस्ता. हा रस्ता तळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई आणि त्याची लांबी तीनतीन, चारचार मैल भरे! गाव रोज बदले, परंतु बाजार तोच राही. काल आपला वाणी देवडीच्या ज्या अंगाला होता त्याच अंगाला आजही सापडे. शंभर कोस चालून आलेल्या स्वाराला मीठ-मिरची कोठे मिळेल हे कोणास विचारावे लागत नसे.

सैन्याला जेवू घालणे हे सरकारचे काम, ही कल्पनाच त्या काळी आपल्याकडे फारशी नव्हती. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. त्याला मिळे ती रोकड. निघताना नालबंदीची काही रक्कम आगाऊ, पुढचे पैसे सरकारच्या सवडीप्रमाणे. त्यातून त्याने आपले पोट, घोड्याची चंदी आणि हाताखालच्या माणसाचा शिधा भागवायचा, तोही बाजारातून. पगार थकला की वाणी उधार देई. उधारी फार तुंबली की वाणी हात आखडता घेई, आणि मग शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरून बसत. ब्रॉटनने असली धरणी आपल्या डोळ्यांनी पाहिली आहेत. महसूल, सावकाराची हुंडी, शिपायाची रोकड, वाण्याचे दुकान अशी ती साखळी होती. फौजेचे बळ मोजायचे तर घोडी आणि तोफा मोजून भागत नाही. बाजाराला त्या फौजेचा भरवसा किती वाटतो, हेही पाहावे लागते.

जुन्या पत्रांत या भरवशाला मोजण्याचे एक माप आहे. त्याला धारण म्हणत, म्हणजे रुपयाला किती शेर धान्य हा भाव. धारण उतरली म्हणजे महागाई वाढली. आज आपण किलोला किती रुपये असे विचारतो, ते रुपयाला किती शेर असे विचारीत. तळाची नाडी पाहायची तर त्या दिवसाची धारण विचारावी.

पण वाण्याच्या दुकानात तरी धान्य येई कोठून? आसपासच्या गावांतून काही येई, काही विकत, बरेचसे लुटून, त्याविषयी पुढे. दूरवरून मात्र ते आणीत बंजारे, ज्यांना दक्षिणेत आपण लमाण म्हणतो. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोणी टाकायच्या, पुढे घंटा बांधलेला शृंगारलेला बैल, मागे बायकामुले, कुत्री, सारा संसार. नाईक सांगेल त्या वाटेने तांडा चाले. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा पाहिला. त्यात बैल होते चौदा हजार, सगळे धान्याने लादलेले.

चौदा हजार हा आकडा वाचून छाती दडपते खरी, पण एकदा हिशेब करून पाहा. घोड्याला दिवसाला साडेतीन किलो हरभरा धरू. पन्नास हजार घोड्यांना झाले एक लाख पंचाहत्तर हजार किलो. लढणारी आणि न लढणारी मिळून दोन लाख माणसे आणि माणशी सहाशे ग्रॅम धान्य धरले, तर आणखी एक लाख वीस हजार किलो. एक बैल सव्वाशे किलोच्या आसपास ओझे वाहतो. म्हणजे रोज सुमारे तेवीसशे बैलांची गोण रिकामी व्हायची! मंडीने पाहिलेला तो अफाट तांडा अशा फौजेला जेमतेम सहा दिवस पुरला असता. गवत आणि सरपण यांचा यात हिशेबच नाही.

तांडा चाले दिवसाकाठी दोनतीन कोस. इतक्या हळू चालणे परवडे, कारण बैल वाटेवर चरत चरत येई, त्याला चारा विकत घ्यावा लागत नसे. यातच त्याचे मर्म आहे. चरायला मोकळे रान आणि वाटेवर निर्भय, एवढे मिळाले की तांडा कोठेही पोहोचे. लढणारे दोन्ही पक्ष बंजाऱ्याला सहसा हात लावीत नसत, कारण आज शत्रूला धान्य विकणारा उद्या आपल्याला विकणार असे. रान उजाड झाले किंवा वाटेवर भाले उभे राहिले, की मात्र तांडा थांबे. (या लोकांचे पुढे काय झाले? सडका आणि आगगाड्या आल्या, धंदा बुडाला. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या याद्यांत त्यांतल्या अनेकांची नावे गेली, आणि तो कलंक कागदोपत्री पुसला जायला १९५२ साल उजाडले. ज्यांच्या गोणींवर इंग्रजांनीही आपल्या लढाया लढल्या, त्यांना त्यांनी दिलेले हे बक्षीस!)

इंग्रजांचे नाव आले म्हणून तीच गोष्ट आधी सांगतो. ती पानिपतानंतर तीस वर्षांनी घडली, तरी पानिपत समजायला तिचा उपयोग होतो, कारण तीत भरलेला मराठी बाजार दिसतो.

साल १७९१. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एक झालेले. लॉर्ड कॉर्नवॉलिस बंगळूर घेऊन मे महिन्यात श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचला, तोच पाऊस लागला. बैल हजारांनी मेले, धान्य संपले, शिपाई उपाशी राहू लागले. राजधानी समोर दिसत असताना त्याला आपल्या वेढ्याच्या तोफा स्वतःच्या हाताने निकामी करून माघार घ्यावी लागली. माघारीच्या वाटेवर स्वार दिसले. टिपूचेच म्हणून इंग्रज बंदुका सरसावतात, तो ते निघाले मराठे! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा जवळ येऊन ठेपल्या होत्या, पण मधले जासूद टिपूच्या घोडेस्वारांनी अडविल्यामुळे कॉर्नवॉलिसला पत्ताच नव्हता.

आणि त्या फौजांमागे बाजार होता. मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने त्याचे वर्णन करताना हात आखडलेला नाही. विलायती बनात होती, बर्मिंगहॅमचे चाकू होते, काश्मीरच्या शाली होत्या आणि कोणाचे तरी उतरलेले जुने कपडेही होते. उत्तम पाण्याचे हिरे, बैल, मेंढ्या, कोंबड्या, कोकणातली खारवलेली मासळी. श्रीरंगपट्टणाच्या रानात खारी मासळी! वाटेल त्या टांकसाळीचे नाणे मोडून देणारे सराफ आपली पाटे मांडून बसलेले. भुकेल्या इंग्रज छावणीने त्यावर झडप घातली. आपल्या वाण्यांनीही आधी ‘धान्य नाही’ म्हणून मान हलविली आणि मग धारण चांगली उतरवून विकले, अशी विल्क्सची तक्रार आहे. ती खोटी असेल असे मला वाटत नाही. वाणी तो वाणी.

त्याच यादीत विल्क्सने एक वस्तू नोंदविली आहे, ती वाचून मी थांबलो. लुटलेल्या खेड्यातल्या गरीब मुलीच्या कानातले चांदीचे डूल. हिऱ्यांच्या शेजारी तेही विकायला मांडलेले होते. बाजार भरलेला होता याचा अभिमान वाटायला हरकत नाही, पण तो कोणाकोणाच्या घरातून भरला हेही त्याच दुकानात दिसत होते. ज्या मुलुखातून लष्कर जाई तेथली उभी पिके घोड्यांखाली जात, आणि त्या खेड्यांत दुसऱ्या दिवशी काय शिजले असेल हे कोणत्याही बखरकाराने लिहिलेले नाही.

आता पानिपत.

भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये दक्षिणेतून निघाले. मेच्या अखेरीस ते आपल्या ग्वाल्हेरास होते. खर्चाची तंगी तेव्हापासूनच आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये छापलेल्या पहिल्या खंडात भाऊसाहेबांची गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रे आहेत. ऐवज पाठवा, नावा जमवा, हा घोषा त्यांत सारखा चालू आहे. यमुनेला पूर आल्यामुळे अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या सुपीक मुलुखात, उतरता आले नाही. ऑगस्टात दिल्ली घेतली, पण तिजोरी रिकामी. दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली, सुमारे नऊ लाख रुपये झाले, तेही फार दिवस पुरले नाहीत. सुरजमल जाट रागावून निघून गेला आणि त्याच्याबरोबर भरतपूरची कोठारेही गेली. या गोष्टीची आपल्याकडे रुसव्याफुगव्याची कथा म्हणून चर्चा होते. मला ती धान्याची गोष्ट वाटते.

ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा अब्दालीसाठी साठविलेले धान्य हाती लागले, आणि दसरा थाटात झाला. तोवर अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली. भाऊसाहेब मागे फिरले ते पानिपतास येऊन खंदक खणून राहिले. अब्दाली आता त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये होता.

आरंभी बाजार भरलेला होता. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून धान्य येत होते. गोविंदपंत अंतर्वेदीत अब्दालीची रसद मारीत होते, त्यामुळे काही दिवस महागाई तिकडच्या तळावर अधिक होती. डिसेंबरात गोविंदपंत अचानक छाप्यात मारले गेले आणि पारडे फिरले. अब्दालीच्या पाठीशी रोहिल्यांचा मुलूख होता, तिकडून त्याच्याकडे गोणी येऊ लागल्या. आपल्या बाजूचे रस्ते अफगाण स्वारांनी एकेक करून बंद केले. दिल्लीहून रोकड घेऊन निघालेली एक तुकडी अंधारात वाट चुकून थेट शत्रूच्या तळावर गेली आणि कापली गेली. ती पोहोचली असती तरी काय झाले असते, असा मला प्रश्न पडतो. रुपया होता, त्याला शेर मिळत नव्हता. रानात गवताची काडी उरली नव्हती. चरायला नाही म्हणजे बैल नाही, बैल नाही म्हणजे तांडा नाही.

गवत-सरपण आणायला बाहेर पडणाऱ्या टोळीला कही म्हणत. एका रात्री अशी मोठी कही तळाबाहेर गेली. लढवय्ये नव्हेत, हेच बाजारबुणगे. अफगाण स्वारांनी त्यांना घेरले आणि एकूण एक कापून काढले. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित त्यांचा आकडा वीस हजार देतो. आकडा फुगलेला असेल. परंतु एका रात्रीत तळाचे हातपाय तुटले, यात शंका नाही.

१३ जानेवारीच्या रात्री सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांच्या डेऱ्यापुढे गेले. दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. कोठीत उरलेसुरले धान्य होते ते वाटून टाकले, सर्वांनी एक वेळ जेवून घ्यावे म्हणून. दुसऱ्या दिवशी, पौष शुद्ध अष्टमीला, काय झाले ते आपणा सर्वांना पाठ आहे.

बाजारबुणग्यांमुळे पानिपत बुडाले, असे आपण ऐकत आलो. बायकामुले, यात्रेकरू आणि जड तोफा मागे ठेवा, हा सल्ला भाऊसाहेबांना मिळाला होता असे बखरी सांगतात, आणि तो ऐकायला हवा होता. कुरुक्षेत्राच्या स्नानासाठी निघालेल्या यात्रेकरूंचे लढाईत काम नव्हते. परंतु वाणी, पखालजी आणि बंजारा यांना त्या ओझ्यात मोजणे मला पटत नाही. त्यांना मागे ठेवून ती फौज चार दिवससुद्धा चालली नसती. पानिपतावर आधी बाजार हरला, फौज त्याच्यानंतर.

बातमीसुद्धा आली ती बाजाराच्याच वाटेने. भिलशाजवळ नानासाहेब पेशव्यांच्या हाती जे पत्र पडले ते एका सावकाराचे होते, आणि सावकारी भाषेतच. त्यात दोन मोती गळाल्याची नोंद होती, सत्तावीस मोहरा हरवल्याची होती, आणि रुपये व खुर्दा यांची गणती नाही असे होते. मोती कोण आणि मोहरा कोण हे सर्वांना तत्काळ उमगले. खुर्द्यात कोण होते?

त्या खुर्द्यातल्या एकाचे नाव सुदैवाने आपल्याला माहीत आहे. पळापळीत एका अफगाण स्वाराने महादजी शिंद्यांना गाठले, पायावर वार करून त्यांना खाली पाडले आणि मेले समजून सोडून दिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना ओळखले. पाण्याची पखाल वाहणारा त्याचा बैल बरोबर होता. त्या बैलावर घालून त्याने महादजींना दक्षिणेच्या वाटेला लावले. महादजी जन्मभर लंगडत चालले, आणि राणेखानाला ते भाऊ म्हणत. सत्तावीस वर्षांनी, १७८८ मध्ये, बादशहाचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादराच्या पारिपत्यासाठी महादजींनी दिल्लीवर फौज पाठविली, तिचा सेनापती हा राणेखानभाई होता. त्या फौजेमागेही बाजार होताच.